एकच दाढ दोनदा

"सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी सापडल्या की लगेच एक पुसायला धावू नकोस, बाई. आधी दोघींना वेगवेगळं बसव आणि विचार, तुम्ही कोण कोण?"

डेटाबेस शिकवणाऱ्या बाईंना निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण धाकटी माहितीची साफसफाई करायला बसली की बाई मनातल्या मनात हटकून येऊन मागे उभ्या राहत. आजही राहिल्या. धाकटी बसली होती भावजींच्या, म्हणजे तिच्या ताईच्या नवऱ्याच्या, दातांच्या दवाखान्यात. समोर दोन कम्प्युटर. जुना दम लागल्यासारखा घरघरत होता आणि नवा नव्या नवरीसारखा गप्प होता. जुन्यातले सगळे पेशंट नव्यात न्यायचे होते.

नेताना धाकटीने नव्या प्रोग्रॅमला काही नियम घालून दिले होते. त्यातला एक ऐकून भावजी खो खो हसले होते: एका माणसाची एक दाढ एकदाच काढता येईल. "हे काय सांगायला लागतं?" ते म्हणाले होते. "कम्प्युटरला सगळं सांगावं लागतं, भावजी. जावयासारखं."

दुपारपर्यंत पेशंट गुमान चालत नव्या घरी गेले. मग एका ओळीवर गाडी अडली ती अडलीच. धाकटीने ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि खुर्ची वळवली.

"भावजी, काढलेली दाढ परत उगवते का हो?"

"दुधाचे दात पडले की येतात. का?"

"दुधाचे नाहीत. चांगली आजीबाई आहे. डावीकडची खालची, शेवटची. तुम्ही ती गेल्या वर्षी काढलीत आणि या वर्षी परत काढलीत."

भावजी हात पुसत आले. "मशीनचं काहीतरी गंडलंय. कोण पेशंट?"

"तुमच्या सासूबाई."

भावजी मटकन बसले. बसले ते नेमके पेशंटच्या खुर्चीत, त्यामुळे खुर्ची आपोआप मागे कलली आणि बिचारे छताकडे बघत राहिले. तशा आडव्या अवस्थेतच त्यांचा आवाज आला, "म्हणजे दुसऱ्या वेळी मी शेजारची चांगली दाढ काढली की काय? खरं म्हणजे मी कधी जुनं काही वाचत नाही गं. तोंड समोर उघडं असताना कागद कशाला बघायचा?" मग आवाज आणखी खाली गेला. "तुझ्या ताईला बोलू नकोस हं. आईच्या दाढेवरून ती मला घरात घ्यायची नाही. एक ओळ पुसून टाक ना. दोनदा लिहिलं गेलं असेल."

मागे उभ्या असलेल्या बाई खाकरल्या. धाकटीने काही पुसलं नाही. तिने जुन्या कम्प्युटरला एक नवाच प्रश्न घातला: दाढ काढल्यानंतरही त्याच दाढेवर काम झालंय, असे पेशंट किती आहेत ते दाखव. कम्प्युटर घरघरला आणि एकच कार्ड पुढे केलं. आईचं. काढून टाकलेल्या दाढेत पुढे चांदी भरलेली होती. एका दातावर टोपी बसवली होती, आणि काही महिन्यांनी तोच दात 'उत्तम, टोपीची गरज नाही' म्हणून नोंदवला होता. हे एक तोंड असेल तर जत्रेत तंबू ठोकून दाखवायला हवं होतं.

पण दोन तोंडं असतील तर?

धाकटीच्या पोटातून हसू वर यायला लागलं. आईचा चेहरा, आईचा पत्ता, आईचा फोन असलेली दुसरी बाई या जगात एकच होती. आईच्या पाठोपाठ जन्मलेली जुळी मावशी. आणि मावशी इथे कधीच येणार नाही, हे साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. ताईच्या लग्नात मावशी एका विनोदावर मनापासून हसली, तेव्हा नवरदेव भर पंगतीत म्हणाले होते, "मावशी, जरा बेताने, जबडा निखळेल." मावशीने पान तसंच टाकून शब्द दिला होता: या माणसाच्या दवाखान्याची पायरी मी चढणार नाही. आणि मावशीचा शब्द म्हणजे शब्द. तिचे उपास, तिचा जप, तिचं मौन, कशातही इकडचं तिकडे होत नसे.

हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थिजलं. धाकटीची नजर कार्डाच्या वरच्या रकान्यावर गेली होती. 'औषधाने त्रास होतो का?' समोर लिहिलं होतं, 'नाही'.

आईला होत होता. एका गोळीने तिचा घसा असा सुजला होता की दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. जुन्या कम्प्युटरात तिचं 'हो' होतं, पण त्यानंतर कुणीतरी 'नाही' सांगितलं होतं. आणि शेवटचं उत्तर तेवढं खरं धरायचं, हे नव्या प्रोग्रॅमला धाकटीनेच शिकवलं होतं. उद्या दुपारी आईच्या दाढेचं मूळ साफ करायचं होतं. ते कुठल्या एक्स-रेवरून, तर याच कार्डावरच्या.

तिने आधी तिथे 'हो' केलं. मग म्हणाली, "भावजी, मी सांगेपर्यंत आईला एकही गोळी द्यायची नाही. सुईसुद्धा नाही. आणि तुमची काही चूक झालेली नाही, उठा आता."

"मग कुणाची?"

"उद्या कळेल."

घरी आई आणि मावशी गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. धाकटीने दार लावलं आणि सरळच विचारलं, "मावशी, डावीकडची खालची दाढ दाखव."

आईच्या हातातली शेंग खाली पडली. मावशीने तोंड घट्ट मिटलं. मग आईलाच हसू आवरेना. "सांगून टाक गं. रात्ररात्र कण्हत होती बिचारी. मीच म्हटलं, माझी शाल घे, माझं कार्ड घे आणि जा."

"मी पायरी चढलेच नाही," मावशी शांतपणे म्हणाली. "कागदोपत्री ही चढली. माझा शब्द शाबूत आहे. आणि जावईबापू काय म्हणाले माहितेय? 'सासूबाई, या वयात हिरड्या काय राखल्यात!' मला मेलीला हसताही येईना, तोंडात नळी."

"माझ्या हिरड्यांना कधी नाही म्हणाले," आई म्हणाली.

"आणि गोळीने त्रास होत नाही, असं कोणी सांगितलं?"

"मीच. त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. मला नाही होत त्रास. खोटं कशाला बोलू?"

धाकटीने कपाळावर हात मारला. दुसऱ्याच्या नावाने खुर्चीत बसून खरं बोलणारी ही बाई! पण तिला रागावता येईना. ती मावशीच्या पायाशी बसली. "अगं, तुझं खरं आईच्या नावावर लिहिलं गेलं. उद्या भावजींनी तिला तीच गोळी दिली असती."

गॅलरीत मटारचा एक दाणा घरंगळत गेला. कुणी उचलला नाही.

"मग तू ते बदल की," आई हळूच म्हणाली.

"ते बदललं. पण बाकीचं? कुठला एक्स-रे तुझा, कुठली चांदी हिची, हे कम्प्युटरला कळणार नाही. दोन कार्डं करायची तर भावजींनी दोघींची तोंडं बघायला हवीत. मावशीचं, मावशी म्हणून."

"आणि माझा शब्द?" मावशीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

धाकटीने ओंजळभर मटार पुढे ओढले आणि सोलायला लागली. मावशीने एकदा बहिणीच्या गळ्याकडे पाहिलं. तो सुजला होता तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून तीच जप करत होती.

"जावईबापूंना तू काही सांगायचं नाहीस," ती अखेर म्हणाली.

"नाही सांगणार."

"हिच्या आधी मी जाईन. माझ्या नावाने. झालं ते माझ्या तोंडाने सांगेन. शब्द मोडल्याबद्दल देवापाशी काय बोलायचं ते मी बघते. दिलं वचन."

"मी येऊ का सोबत?" आईने विचारलं.

"काही नको. दोघी एकदम दिसलो तर तेच खुर्चीत आडवे होतील."

सकाळी धाकटी आंघोळीला पाणी तापवत होती तेव्हा पुढच्या खोलीत दाराची कडी निघाल्याचं तिला ऐकू आलं. इतकी हळू की, मागच्या खोलीतल्या आईची कूसही बदलली नाही. मावशीने पूजा नेहमीपेक्षा लवकर आटपली होती. निरांजन अजून जळत होतं. धाकटी खिडकीशी गेली.

दूधवाल्याच्या सायकलीला वाट देत मावशी गल्लीतून चालली होती, एका हाताने गाल धरून. बहुधा दुसरीकडचीही दाढ ठणकत असावी. तिचे ओठ हलत होते, मान डोलत होती. जप नव्हता तो. जपाच्या वेळी ती मान डोलवत नसे. कोपऱ्यावर थांबून तिने डोक्यावरचा पदर नीट केला, एकदा मागे वळून पाहिलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.