पहाटेचा पाठलाग

मोखाड्याच्या पंचायत समितीतला कारकून तुळशीदास एकाएकी सुधारला, आणि त्याची बायको चंद्रकला धास्तावली. वर्षभर हा माणूस पाठ दुखते म्हणून एकटा पडवीत निजत होता. आता तंबाखूची डबी दिसेना, शनिवारची दारू बंद, ताटात भाताऐवजी नागलीची भाकर. वर रोज उजाडायच्या आत कॅनव्हासचे बूट चढवून स्वारी बाहेर.

"चाळिशी उलटलेला पुरुष अंगाकडं बघाय लागला ना, ते बायकोसाठी नसतं," शेजारची रुपी म्हणाली.

चंद्रकलेनं त्याचे सदरे हुंगून पाहिले. ऑफिसात नव्यानं आलेल्या बाईंचं नाव जेवताना मुद्दाम काढलं. तो शांतपणे भाकर मोडत राहिला. दचकत नाही म्हणजे गडी चांगलाच मुरलेला, असं तिनं धरलं.

एके पहाटे पदर खोचून ती मागोमाग निघाली. तो जव्हारच्या रस्त्याला लागला. वळणावर एक जीप थांबली तेव्हा ती झाडाआड झाली; पण त्यानं हातानंच नको म्हटलं आणि चढ चढत राहिला. वर जाऊन दगडावर बसला, धापा टाकत. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"कुठंय ती?"

तो धडपडून उठला. "कोण गं?"

"जिच्यासाठी हे सगळं चाललंय! वर्षभर मला शिवला नाहीत तुम्ही."

तुळशीदासनं मान खाली घातली. "जमतच नव्हतं मला."

मग तो तुटक तुटक बोलला. बाजारातल्या वैदूची पुडी खाल्ली, तर नुसती छाती धडधडली. शेवटी जव्हारला डॉक्टर गाठला. रक्तात साखर निघाली, हे सगळं त्यापायीच. गोळ्या घ्या, दारू-तंबाखू सोडा, चाला. फरक पडेल, पण हमी देत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आणि मला बोलला नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बोलू?"

"मला वाटलं, मीच नकोशी झाले." ती त्याच्या दगडावर टेकली. "आरशात बघायचं सोडलं होतं मी."

"तसं नव्हतं गं. कधीच नव्हतं."

त्या दिवशी तिनं पडवीतलं अंथरूण आत आणलं.

"नाही जमलं तर?" त्यानं विचारलं.

"शेजारी नुसतं झोपता तर येतं ना?"

साखर आटोक्यात यायला उन्हाळा उजाडला. बाकीचंही कधी जमत, कधी न जमत मार्गी लागलं. आणि तोवर चंद्रकलाही चालायला जाऊ लागली होती.