धाकटीचं सेटिंग

"ताई, केबल जरा काढून परत लावता? पोर्ट दिसत नाहीये," स्क्रीनवरची नजर न हलवता धाकटी म्हणाली.

थोरलीनं केबल काढली, परत लावली. एकोणीस वर्षं या टेबलाशी केबल लावायला दुसरं कोणीतरी असायचं आणि स्क्रीनसमोर ती स्वतः.

"आला! आला बघा."

दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात थोरली खाली राहायची, धाकटी वर. नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवणाऱ्या या लहानशा कारखान्यात धाकटीला आणलं ते थोरलीनंच. धाकटा दीर कामावर उंचावरून पडला आणि अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनंच मालकांकडे शब्द टाकला होता. "सोल्डरिंगला बसवा, शिकेल हळूहळू." धाकटी हळूहळू शिकली नाही, हीच तर पंचाईत झाली.

यंत्राचा मेंदू म्हणजे नखाएवढी एक चिप. तिच्यात प्रोग्राम टाकायचं काम थोरलीचं. त्यासाठीचं जुनं सॉफ्टवेअर मध्येच रुसायचं, आणि त्याची समजूत कशी काढायची ते फक्त तिला ठाऊक. ती रजेवर गेली की काम अडायचं. "माझ्यावाचून एक दिवस जात नाही यांचा," अशी कुरकुर ती घरी करायची, पण ते अडणं तिला मनातून आवडायचं. मग जुना कॉम्प्युटर बंद पडला, आणि नव्यावर ते सॉफ्टवेअर काही केल्या चालेना. थोरली दोन दिवस झटली. तिसऱ्या दिवशी धाकटी चाचरत मालकांना म्हणाली, "साहेब, प्रोग्राम लिहायच्या कोड एडिटरमध्ये एक एक्स्टेंशन घालता येतं, ते जुन्या सॉफ्टवेअरचंच काम करतं. ह्यांच्या उशाशी बसून व्हिडिओ बघितलेत मी. करून बघू?"

आणि आज सकाळी तिनं ते घातलंही. एक छोटीशी फाइल उघडून त्यात ती एकेक ओळ लिहीत होती. चिप कोणती, पोर्ट कोणता, चिपच्या घड्याळाचा वेग किती. "एकदा हे नीट लिहिलं ना ताई, की पुढे फक्त एक बटण. कोणालाही जमेल."

कोणालाही! थोरलीला तो शब्द टोचला.

बटण दाबलं. प्रोग्राम गेला. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मालक खुर्चीमागे येऊन उभे होते.

"अहो, चार महिन्यांत! बघितलंत का बाई, तुमची जाऊ?"

"हुशारच आहे ती," थोरली हसून म्हणाली. ते हसू गालांना जड झालं.

त्याच वेळी तिच्या लक्षात आलं. दिवा सावकाश लुकलुकत होता. सेकंदाला एकदा लागायला हवा, तो दोन सेकंदांनी लागत होता. तिनं फाइलकडे नजर टाकली. वेगाच्या ओळीत सोळा लिहिलं होतं. व्हिडिओतल्या बोर्डांना सोळा चालतं. या बोर्डांवरचं घड्याळ आठचं. म्हणजे यंत्राचा प्रत्येक सेकंद आता दुप्पट लांब झाला होता.

शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात मालक धाकटीला म्हणाले, "आता हे टेबल तुमचंच समजा."

थोरलीनं मिठाची गुळणी धरली.

जेवायच्या सुट्टीत धाकटीनं डबा तिच्याकडे सरकवला. "ताई, घरी तुम्हीच सांगा हं. मी सांगितलं तर मिरवल्यासारखं वाटेल."

एवढा चांगुलपणा कशाला दाखवते ही, असं थोरलीच्या मनात आलं. हिनं थोडा भाव खाल्ला असता, तर रागवायला तरी बरं झालं असतं.

दुपारी चोवीस यंत्रांत त्याच फाइलनं भरलेले बोर्ड बसले. चार वाजता हॉस्पिटलची गाडी येणार होती. धाकटी एकेका यंत्राची चाचणी घेत होती. बाळाच्या अंगाला लावायची तार सुटली की दहा सेकंदांत भोंगा वाजून हीटर बंद व्हायला हवा. ती तार काढायची, भोंगा वाजायचा, ती कागदावर खूण करायची. किती वेळानं वाजला, ते तिनं मोजलंच नाही. थोरली शेजारी उभी राहून मनात मोजत होती. दर वेळी वीस.

शेवटचं यंत्र थोरलीनं स्वतःकडे ओढलं. तार काढली आणि तापलेल्या हीटरखाली तळहात धरला. दहापर्यंत नुसती ऊब होती. पंधराला हात पोळायला लागला. तिनं हात काढला नाही. भोंगा वाजला तेव्हा तळहात लालबुंद झाला होता. पन्नाशीचा, कामानं राठ झालेला तळहात.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

मालक धावत आले. तिनं काय चुकलंय ते सांगितलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, वाचवलंत तुम्ही. अनुभव तो अनुभव! बरं झालं, वेळेवर लक्षात आलं."

एवढ्यावर सगळं निभावलं असतं.

"वेळेवर नाही साहेब. सकाळीच दिसलं होतं मला. मी बोलले नाही."

"उद्या बोलू," एवढंच म्हणून मालक हॉस्पिटलला फोन करायला आत गेले.

धाकटीनं फाइल उघडली. सोळा खोडून आठ लिहिलं.

"दिवा जरा सावकाश लुकलुकतोय असं मलाही वाटलं होतं," ती हळूच म्हणाली. "दोनदा बघितलं मी तुमच्याकडे. म्हटलं, चुकलं असतं तर तुम्ही बोलला असतात."

"अगं—"

"वरची झाकणं उघडा. मी बोर्ड काढते."

चोवीस यंत्रं पुन्हा उघडली, भरली, मोजून तपासली. दोघींचे हात एका लयीत चालले होते.

सहाच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. दोन थांबे आधीच धाकटी उठली.

"इथे कुठे?" थोरलीनं विचारलं.

"दुकानात जायचंय."

आज दुकानं बंद असतात, हे दोघींनाही माहीत होतं. थोरलीनं पाय आवरून तिला वाट दिली.

बस सुटली. खिडकीतून थोरलीला ती दिसली, पर्स छातीशी धरून घराच्या रस्त्यानं एकटीच चाललेली. बस तिला मागे टाकून पुढे गेली, तरी तिनं मान वर केली नाही.