दोन पट्ट्यांच्या मधला सूर

अहमदपुरात मोंढ्याच्या रस्त्याला बसवराजांचं कापडाचं दुकान आहे, पण गावात त्यांना कापडवाले कुणी म्हणत नाही. पेटीवाले बसवराज म्हणतात. महादेवाच्या देवळात सोमवारच्या भजनाला पेटी त्यांची आणि गाणं त्यांच्या बायकोचं, कमलम्माचं. आणि कमलम्माचा आवाज म्हणजे काय सांगावं! काळी चारच्या उंच पट्टीत तिनं सूर लावला की समोरच्या हॉटेलात चहा पिणारा माणूस कप तसाच हातात धरून बसायचा.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, बाई सुखरूप घरी आली, पण आवाज खाली उतरला. किती खाली, तर काळी दोन आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठंतरी. आता पेटीला तिथं पट्टीच नाही, वाजवणार काय, कपाळ? काळी दाबली तर बाईला वर ओढल्यासारखं व्हायचं, पांढरी दाबली तर कानाला टोचायचं. एकतारी लावून पाहिली. पण गाता गाता थकली की कमलम्मा अजून थोडी घसरायची, आणि एकतारी आपली जागच्या जागी. एका सोमवारी भर भजनात ती थांबली. शेजारच्या शरणम्मानं टाळ खाली ठेवून तिच्या पाठीवर हात ठेवला, तो झटकून बाई जी घरी आली ती पुन्हा भजनाला गेलीच नाही. स्वयंपाकघरात गुणगुणायची, तेवढंच.

आणि मग श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी लेक स्वप्नाली नांदेडहून एसटीनं आली, पाठीवर भली लांब काळी पिशवी घेऊन. ही नांदेडला पॉलिटेक्निकात शिकवते आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते. विजेवरची.

"अव्वा, आज भजनाला तू म्हणायचं. साथ मी करते," तिनं चप्पल काढता काढताच सांगून टाकलं.

कमलम्मानं लाटणं थांबवलं. "म्हणते. आज एकदा म्हणून बघते. जमलं न्हाई तर ह्या घरात माझ्या गाण्याचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. दोघांनीबी."

ती रागावून बोलली असती तर बरं होतं. शांतपणे बोलली, म्हणून बसवराज घाबरले. तिचा शब्द कसा असतो ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

स्वप्नालीनं मग गिटारीची करामत दाखवली. तारा खालच्या टोकाला एका लोखंडी पट्टीत अडकवलेल्या होत्या. तिला ब्रिज म्हणायचं. त्या ब्रिजला एक वाकडी दांडी. दांडी जरा दाबली की सहाच्या सहा तारा मिळून खाली उतरायच्या, सोडली की मिळून वर यायच्या.

"अव्वा घसरली की ही बी तिच्यासंगं घसरंल," ती म्हणाली. "पण आधी सगळी उतरवून तिच्या सुरात लावावी लागंल. जरा पडते मी, पहाटंची उठलेय. अप्पा, तुमी हात लावू नका बरं का."

हात लावू नका! सगळी हयात सुरात घातलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे मांजराला दुधावर बसवून डोळे मीट म्हणण्यातलं झालं. लेकीचा डोळा लागला न लागला तोच बसवराजांनी गिटार मांडीवर घेतली.

आत कमलम्मा गुणगुणत डाळ निवडत होती. तो सूर त्यांनी कानात धरला आणि तंबोरा लावतात तशी सुरुवात केली. म्हणजे एक तार अगदी पक्की करायची, मगच दुसरीला हात घालायचा. पहिली तार बरोबर उतरली. दुसरी उतरवली. सहज पहिली छेडून बघितली, तर ती चढलेली!

"आँ?" ते स्वतःशीच म्हणाले.

पुन्हा पहिली उतरवली, तर दुसरी चढली. तिसरी लावली, तर पहिल्या दोन्ही भलतीकडे. आयला, ही काय भुताटकी! त्यांनी हट्टानं सगळ्या तारा दोनदा फिरून लावल्या. तोवर ब्रिज मागच्या बाजूनं लाकडात रुतून बसला, तारा पार खाली टेकल्या आणि छेडलं की माशी घोंगावल्यासारख्या करकरायला लागल्या. बसवराजांची पाचावर धारण बसली. मोडली. संध्याकाळी भजन, आणि आपल्या हातानं आपण मोडली.

"अप्पा! सांगितलं होतं की न्हाई तुम्हाला?" स्वप्नाली दारात उभी होती.

"मी फकस्त लावून राहिलो होतो गं," ते पडेल आवाजात म्हणाले.

तिनं गिटार पालथी केली, पेचकस घेऊन पाठीवरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "बघा आत."

लाकडात कोरलेल्या खाचेत पाच स्प्रिंगा ताणून बसवलेल्या होत्या, एका अंगाला ब्रिजला अडकवलेल्या, दुसऱ्या अंगाला दोन स्क्रूंनी आवळलेल्या.

"पुढून तारा ओढतेत, मागून ह्या ओढतेत. ब्रिज कशालाच पक्का न्हाई, अप्पा. दोघांच्या ओढीवर नुसता तरंगतोय. तुमी एक तार ढिली केली की स्प्रिंगांचा जोर होतोय, ब्रिज मागं कलतोय, अन् बाकीच्या तारा ताणल्या जातेत."

बसवराज बघतच राहिले. पुढून बघावं तर कसं शांत, चकचकीत वाद्य, आणि पोटात ही एवढी ओढाताण! पेटीत प्रत्येक सूर आपापल्या खणात बसलेला, शेजाऱ्याचं देणं ना घेणं. इथं एकीनं अंग सैल सोडलं की बाकीच्या सगळ्यांना कळत होतं.

"म्हंजे हिच्यात एकटं कुणीच न्हाई," ते हळूच म्हणाले.

"न्हाई ना. म्हणून एकीला पक्की करून भागत न्हाई. सगळ्यांना थोडं थोडं न्यावं लागतंय. आता तुमचा कान अन् माझा पेचकस."

कामाला लागले दोघं. ती मागचे स्क्रू जरासे ढिले करायची, ब्रिज तेवढा वर उठायचा. ते सगळ्या तारा जरा जरा उतरवायचे. पुन्हा स्क्रू, पुन्हा तारा. सूर बघायला तिनं मोबाईल लावला, तर त्याचा काटा दोन सुरांच्या मधेच लटकून बसला. "त्याला गप बसव," बसवराज म्हणाले, "त्याला काय ठावं तुझ्या अव्वाचा आवाज?" आणि कमलम्मानं गुणगुणणं थांबवू नये, स्वयंपाकघरातून हलू नये म्हणून चहावर चहा मागवत राहिले. शेवटी तीच ओरडली, "आज तुमच्या पोटात काय ओढा हाय का काय?"

उन्हं उतरता उतरता ब्रिज लाकडाशी सरळ झाला. बसवराजांनी दांडी दाबली. सहाही तारा उतरल्या. सोडली. सहाही परत जागेवर, एकही चुकली नाही. त्यांनी उठून देव्हाऱ्यातलं भस्म आणलं आणि नवं वाद्य देवळात नेताना लावतात तशी तीन बोटं गिटारीवर ओढली. स्वप्नाली हसली नाही.

देवळात गर्दी होती. देवळाच्या लाऊडस्पीकरला जोडलेली विजेची गिटार बघून म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या, पण कमलम्मा बसली तशी कुजबुज थांबली. बसवराजांनी पेटी उघडलीच नाही. पहिलं कडवं निघालं, दुसरं निघालं. सूर खालचा, जाडा, पण खरा. तिसऱ्या कडव्यात ती थकली. आवाज घसरायला लागला, नेमका तसाच, त्या सोमवारी घसरला तसा. बसवराजांनी डोळे गच्च मिटले. आता थांबणार ही. आता कायमची थांबणार.

स्वप्नालीचा हात दांडीवर आला आणि गिटार उतरली. सगळी मिळून उतरली, आईच्या आवाजाला लागून, एक केसभर पुढं नाही की मागं नाही. कुणाला घसरल्याचं कळलंसुद्धा नाही. लोकांना वाटलं, बाईनं मुद्दामच सूर खाली लोळवला.

कमलम्माला मात्र कळलं. तिनं वळून लेकीकडं पाहिलं. मग ती जाणूनबुजून आणखी खाली गेली. गिटार गेली. तिथून हळूहळू वर आली. गिटार आली. जिथं जाईल तिथं ते वाद्य तिच्या मागोमाग होतं, आणि बाई हसत गात होती, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान तिला नव्हतं. बसवराजांनी मिटलेले डोळे उघडले. एवढ्या वर्षांत असलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

भजन संपल्यावर ती त्यांच्याकडं वळली.

"तुमची पेटी लई गोड हाय," ती म्हणाली. "पण जन्मभर मीच तिच्या मागं पळाले. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मागं आलं."

आपण बायकोची साथ करतो असंच बसवराजांना आजवर वाटत आलं होतं.

"आता काय बसूनच ऱ्हाताव का?" कमलम्मा म्हणाली. "टाळ घ्या. अजून म्हणायचंय मला."

त्यांनी शरणम्माकडून टाळ मागून घेतले आणि तिच्या मागं जाऊन बसले.