सत्त्याण्णवचा फोटो

आमच्या ट्रेलरच्या वस्तीत चाकांवरची पत्र्याची घरं सव्वीस आणि ऑक्सिमीटर चार. चारही मीच मिळवलेले, तेही किती जणांच्या हातापाया पडून. प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिमीटर, सोबत स्पिरिटचा बोळा, आणि एका दारातून दुसऱ्या दारात अशी त्याची फेरी चालायची. ज्याच्या घरी ताप, त्याच्या पायरीवर पिशवी. बोट घालायचं, आकड्याचा फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. ब्याण्णवच्या खाली आकडा गेला की मी गाडी घेऊन दारात आणि तुम्ही निमूटपणे इस्पितळात, असा माझा नियम होता. उत्तरात मी पाठवायचे तो फोनवरचा उभा अंगठा. अंगठा आला म्हणजे आजचा दिवस घरात राहा, रस्सा प्या, पालथे झोपा.

ही व्यवस्था माझीच, तेव्हा तिच्यातली खोटही माझीच. फोटोत बोट दिसतं. बोट कुणाचं, ते दिसत नाही. म्हणजे इतरांना दिसलं नसतं. मला दिसलं.

मी हर्मिनिया, गावातल्या एकुलत्या एक इस्पितळात नर्स. साथीच्या त्या एप्रिलमध्ये वॉर्डातल्या दहा खाटांपैकी आठांवर आमची माणसं होती, सगळी मांसाच्या कारखान्यातली. तिथे मांसाच्या सरकत्या पट्ट्यावर खांद्याला खांदा लावून सुऱ्या चालतात. ताप आला तरी तोंडावर फडकं बांधून माणसं कामावर जात होती, कारण खाडा म्हणजे घरी बसा. या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलणारी वॉर्डात मी एकटी. नातेवाइकांना आत यायला बंदी. त्यामुळे बायकोचा शेवटचा निरोप नवऱ्याच्या कानाशी धरायचा तो माझ्या फोनवरून. घरी आले की वस्तीचे फोटो. लोक म्हणायचे, देवाने पाठवली हो तुला. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता चायोबद्दल. चायो माझी कोमाद्रे. तिच्या यारेत्झीच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातावर मी घेतलं, तेव्हापासून मी पोरीची मद्रिना, म्हणजे धर्माची आई, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं, कारण बहीण मिळते, कोमाद्रे आपण निवडतो. चायो अकरा वर्षं पट्ट्यावर उभी. तोंडाची फटकळ आणि हसायला पुढे. तिच्या नवऱ्याला, फर्मीनला, तीन वर्षांपूर्वी इथे राहायचे कागद नाहीत म्हणून सरकारने पकडून सीमेपार, आमच्या मुलखात साकातेकासला परत पाठवलं. चायोकडेही कागद नव्हते. पोर मात्र इथे जन्मलेली, इथली.

सोमवारी चायोला ताप भरला. मी म्हटलं, चल इस्पितळात, निदान दाखवून ये. तिने दाराच्या जाळीआडून मला झाडलं. तुझ्या इस्पितळात माणूस पुढच्या दाराने जातो आणि मागच्या दाराने निघतो, म्हणाली. शिवाय तिथे नाव विचारतात, पत्ता विचारतात, आणि मला धरलं तर या पोरीला कोण बघणार, तू? तुला स्वतःचा डबा खायला वेळ नाही. मी नियम सांगितला. ब्याण्णव. तिने हात छातीवर ठेवून शब्द दिला की ब्याण्णवच्या खाली गेला तर मुकाट्याने गाडीत बसेन.

मंगळवारी चौऱ्याण्णव. बुधवारी सकाळी त्र्याण्णव, संध्याकाळी ब्याण्णव. गुरुवारी सकाळी सत्त्याण्णव.

इस्पितळाच्या आवारात मी गाडीतच बसले होते, ड्यूटीला दहा मिनिटं होती. फोटो उघडला. निळ्या फुलांच्या मेणकापडावर एक हात, पहिल्या बोटाला ऑक्सिमीटर, आणि बाकीची बोटं मेणकापडावर सरळ पसरलेली.

चायोची बोटं सकाळी सरळ होत नाहीत. अकरा वर्षं सुरी धरून धरून ती सुरी धरल्यासारखीच आखडून राहतात. गरम पाण्याखाली पाव तास धरली तर कपाचा कान पकडता येतो. किती रविवारी मी त्या बोटांना मलम चोळलंय, ती बोटं मला अंधारातही ओळखू येतील. फोटोतलं बोट कोवळं होतं. आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी पांढरट गोल खूण होती, अंगठी नुकतीच काढल्याची. ती अंगठी पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला, चर्चमध्ये साऱ्या गावासमोर, मीच तिच्या बोटात घातली होती.

मला कळलं. उशिरा नाही, अंदाजाने नाही. त्या क्षणी, लख्ख कळलं. शिवाय अशा तापात ब्याण्णवचे रातोरात सत्त्याण्णव होत नसतात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरसुद्धा सांगेल.

कारणं हवी तेवढी आहेत, आणि मी ती गेलं वर्षभर स्वतःला ऐकवते आहे. आदल्या दिवशी माझा फोन कानाशी असताना तीन जण गेले होते. खाटा भरल्या होत्या, तिला आणली असती तर व्हरांड्यात ठेवावी लागली असती. वस्तीत परत जायचं म्हणजे तिच्याशी दारात भांडण, तिला ओढून गाडीत घालणं, आणि वॉर्डात माझी वाट बघणारे आठ जण. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण यातलं एकही नाही. खरं कारण हे की मला सत्त्याण्णव हवा होता. हवा होता म्हणून मी तो घेतला. जीव भांड्यात पडतो म्हणतात, मी माझा हाताने उचलून भांड्यात ठेवला आणि वर झाकण घातलं.

मी अंगठा पाठवला. खाली लिहिलं, शाबास कोमाद्रे.

गुरुवारी संध्याकाळी अठ्ठ्याण्णव. अंगठा. शुक्रवारी सकाळी सत्त्याण्णव, संध्याकाळी सत्त्याण्णव. अंगठा, अंगठा. एकदा कानाडोळा केला की दुसऱ्यांदा सोपा जातो, तिसऱ्यांदा तर आठवणही राहत नाही की आपण काही केलंय.

शनिवारी सकाळी यारेत्झीने थेट रुग्णवाहिकाच बोलावली. इस्पितळाच्या दारात चायोचा आकडा एकसष्ट होता, ओठ जांभळे, आणि तरी बाई गप्प बसेना. घशात श्वासाची नळी घालण्याआधी दोन मिनिटं मिळाली. मी तिचा हात धरला होता. तिने मला जवळ ओढलं.

"पोरीला बोलू नकोस," ती म्हणाली. "बोट तिचं होतं. मीच दटावून घालायला लावलं तिला. मला वाटलं दोन दिवसांत उतरेल." मग दम घेतला, आणि तिच्या डोळ्यांत तेच जुनं हसू आलं. "एवढी शिकलेली तू कोमाद्रे, आणि तुला मी फसवली."

"फसवलीस खरी," मी म्हणाले.

तेवढंच बोलणं झालं. नवव्या दिवशी ती गेली. फोन मीच धरला होता, एकदा साकातेकासच्या फर्मीनसाठी आणि एकदा पोरीसाठी.

आमच्याकडे माणूस गेल्यावर नऊ दिवस घरी जपमाळेची प्रार्थना होते. जमिनीवर चुन्याच्या फक्कीचा क्रूस घालतात, आणि नवव्या दिवशी तो उचलतात. आधी डोकं, मग हात, मग पाय, शेवटी मधला भाग, त्याला काळीज म्हणतात. तो चुना डब्यात भरून कबरीवर नेतात. क्रूस उचलायला माणूस निवडतात, आणि तो मान साधासुधा नाही. मेलेल्याला या घरातून नीट निरोप द्यायचा तो त्याने. चायोच्या ट्रेलरमध्ये क्रूस होता आणि लोक बाहेर अंगणात, तोंडाला फडकी बांधून, खुर्च्या दूरदूर. प्रार्थना सांगायला शेजारची दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई. ऐंशीची म्हातारी, वस्तीतल्या सगळ्यांना दम भरणारी. पोर एकटी पडली तेव्हा ती स्वतःचं अंथरूण घेऊन तिच्याकडे राहायला आली. मला कुठला रोग खातोय, म्हणाली, माझ्यात आता खाण्यासारखं उरलंय काय.

नऊही दिवस मी गेले. प्रत्येक दिवशी कुणी ना कुणी म्हणायचं, तू होतीस म्हणून तिला शेवटी आपलं माणूस तरी मिळालं. मी मान हलवायचे. करून सवरून नामानिराळी राहणारी माणसं मी आयुष्यभर हिणवली, आणि आता लोक मला गोड पाव आणि कॉफी आणून देत होते. यारेत्झी पहिल्या दिवसापासून खात नव्हती. बोटात अंगठी नव्हती. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, अंगठी कुठंय गं? तिने हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

नवव्या दिवशी दुपारी चारला दोन्या कुकाने अंगणात सगळ्यांसमोर जाहीर केलं की क्रूस हर्मिनिया उचलणार, पोरीची तशी इच्छा आहे. मी हात धुवायच्या निमित्ताने आत गेले. यारेत्झी ओट्यापाशी उभी होती. तेच निळ्या फुलांचं मेणकापड, आणि त्यावर पिशवीतला ऑक्सिमीटर. पुढच्या घरी द्यायचाच राहून गेलेला.

"मद्रिना," ती म्हणाली, "मी बाहेर येत नाही. मला तिथे बसायचा हक्क नाही. ते बोट माझं होतं. आईला मी मारलं."

माझ्या तोंडात तयार वाक्यं होती, वॉर्डात रोज वापरायचे ती. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बाळा, तू सोळा वर्षांची, तुला आईने सांगितलं, तू काय करणार होतीस. ते खरंच होतं. तिथेच थांबले असते तर पोर माझ्या खांद्यावर रडली असती, मी क्रूस उचलला असता, आणि सगळं पार पडलं असतं. कुणाला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता.

पण ती म्हणाली, "तुमचा आमच्यावर विश्वास होता, म्हणून तुम्ही फसलात. रोज अंगठा यायचा आणि मला वाटायचं, मद्रिनाला तरी कळू दे. एकदा तरी कळू दे."

मी तिच्यापासून बाजूला झाले. खुर्चीत बसले.

"मला कळलं होतं," मी म्हणाले.

तिला आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं. गुरुवारी सकाळी, पहिल्याच फोटोत. बोटं सरळ होती, आणि अंगठीची खूण होती. शेवटी तुझी आई म्हणाली की तिने मला फसवलं, आणि मी हो म्हणाले, तेही खोटं.

"मग अंगठा का पाठवलात?"

"मी दमले होते. आणि तो आकडा मला हवा होता." याहून बरं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. "तू सोळा वर्षांची होतीस, यारेत्झी. मी नर्स होते. हे तुझ्या एकटीचं नाही. यातला मोठा वाटा माझा आहे."

 मला वाटलं, पोर मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती बाहेर गेली, आणि तिच्या मागून जायची लाज वाटून मी तिथेच बसले. बाहेर ती दोन्या कुकाला सांगत होती, क्रूस मीच उचलणार. म्हातारीने विचारलं, आणि तुझी मद्रिना? पोरीने पुठ्ठ्याचे तुकडे मागितले.

थोड्या वेळाने आतल्या खोलीत प्रार्थना सुरू झाली. दारं-खिडक्या उघडी, लोक बाहेरून म्हणत होते. मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. यारेत्झी गुडघ्यांवर बसली होती, हातात पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि शेजारी बुटांचा रिकामा खोका. तिने क्रूसाचं डोकं उचललं. मग उजवा हात, डावा हात, मग पाय. फक्की सांडू न देता, एकेक भाग, तिच्या आईने टेबल पुसावं तसं नेटाने. मधला भाग तेवढा राहिला. तो उचलला की पुढची प्रार्थना म्हणायची म्हणून दोन्या कुका थांबली होती.

पोरीने मागे वळून बघितलं. पुठ्ठ्याचे तुकडे माझ्याकडे सरकवले.

लोकांना वाटलं, किती हे प्रेम. मी गुडघे टेकले आणि काळीज उचललं. थोडा चुना सतरंजीवर पडला. यारेत्झीने तो बोटाने गोळा करून खोक्यात टाकला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

सगळे गेल्यावर ती पिशवीतला ऑक्सिमीटर घेऊन माझ्या गाडीपाशी आली. तो माझ्या हातात देत म्हणाली, "आता सगळ्यांना चेहऱ्यासकट फोटो मागा. मीही पाठवीन, मला खोकला येतोय दोन दिवस. पण मला अंगठा पाठवायचा नाही. फोन करायचा."

तिला फारसं काही झालं नाही, देवाची कृपा. फोन मी तेव्हापासून रोज सकाळी करते, ड्यूटीला जायच्या आधी, गाडीत बसून. कधी ती उचलते, कधी उचलत नाही. उचलत नाही त्या दिवशी मी गाडी वळवते आणि दारात जाऊन उभी राहते. ती जाळीआडून चेहरा दाखवते, आणि मग मी कामावर जाते.