एकतीसला गप्प राहिलेला मॉनिटर

‘अफूजन्य औषधांविना दिलेल्या सलग चाळीस भुलींमध्ये एकाही रुग्णाच्या हृदयाच्या कार्यात चिंताजनक बदल आढळला नाही.’

हे वाक्य जळगावातील एका खाजगी रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या चकचकीत फलकावर छापलेले होते. शनिवारी धुळ्याच्या वैद्यकीय परिषदेत तो फलक मांडला जाणार होता. त्याच्या बरोबर समोर, कोपऱ्यात, मी उभा होतो. माझ्या कपाळावर एक चिठ्ठी डकवलेली होती : ‘मॉनिटर क्र. २. नादुरुस्त. आकडे अविश्वसनीय.’

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू दाखवणे हे माझे काम. फलकावरचे चाळीसही रुग्ण माझ्याच तारांना जोडलेले होते. म्हणजे ज्याचे आकडे अविश्वसनीय, त्याच्याच आकड्यांच्या खांद्यावर चाळीस हृदयांची निर्दोषता उभी होती. मी दिवसभर फलक वाचत असे आणि त्याच्या चकाकीत उलटी उमटलेली माझी चिठ्ठी वाचत असे. दोन्हींवर अक्षर वेगळे, सही मात्र एकच. यांपैकी खरे कोणते, हे मला काही केल्या उमगेना.

बारा वर्षांपूर्वी मी इथे आलो. मला बसवणाऱ्या तंत्रज्ञाने चाचणीसाठी रुग्णाच्या नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव टाकले : मगन, पुरुष, साठ किलो. ते पुसून नव्या रुग्णाचे नाव भरावे, असे माझ्या पुस्तिकेत लिहिले आहे. ती पुस्तिका कोणी उघडली नाही. तेव्हापासून इथे येणारा प्रत्येक जण माझ्या लेखी मगन आहे. बाळंतिणी मगन, पैलवान मगन, एकदा तर स्वतः रुग्णालयाच्या मालकीणबाई मगन. शस्त्रक्रियागृहातल्या जुन्या परिचारिका लताबाई हसून अहिराणीत म्हणत, “आठे बठ्ठा मगनच शे”, इथे सगळे मगनच. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. महामारीत मी एक्केचाळीस दिवस अखंड जागा होतो, तेव्हा मला हारही घातला गेला. पुढे माझ्या डोक्यावर हातमोज्यांचे खोके ठेवले जाऊ लागले.

भुलीविषयी मला जे कळते ते थोडेच. पूर्वी भूलतज्ज्ञ वेदना दाबण्यासाठी अफूच्या कुळातली औषधे देत. त्यांनी पुढे उलट्या होतात, कधी श्वास मंदावतो. दोन वर्षांपूर्वी तरुण भूलतज्ज्ञ डॉ. अर्हम यांनी ती टाळून दुसरी औषधे द्यायला सुरुवात केली. शुद्धीवर येणारे रुग्ण खरोखरच शांत दिसत. या पद्धतीशी माझे वैर नाही. मात्र तिच्यातले एक औषध हृदयाचे ठोके मंद करते. पन्नासाच्या खाली ठोके गेले की ओरडायचे, असे मला शिकवलेले. मी ओरडू लागलो. मंदावलेले हृदय म्हणजे समाधान की संकट, हे मला कळत नाही. मला वेदना दिसत नाही, केवळ संख्या दिसते.

शल्यविशारद एकदा वैतागले. “अर्हम, ही टिटवी गप्प कर बुवा. हात हलतो माझा.”

डॉ. अर्हमांनी माझी मर्यादा पन्नासावरून तिसावर आणली. हे एक बटण दाबण्याचे काम होते. मी आज्ञाधारक आहे.

सोमवारी नाजमीनबाई आल्या. जळगावच्या मेहरूण भागात त्या पती हाशमभाईंबरोबर गाद्या शिवतात. पित्ताशय काढायचे होते. रक्तदाबासाठी त्या घेत असलेली गोळीही ठोके मंदावणारी होती. कागदावर तशी नोंद होती. भूल दिली गेली, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पोटात वायू भरला गेला. गोळी, औषध आणि वायू, तिघांनी मिळून त्या हृदयाला खाली ओढले. अठ्ठेचाळीस. चाळीस. चौतीस. दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी एकतीस.

मी ओरडलो नाही. एकतीस ही संख्या तिसाहून मोठी आहे, हे गणित निर्विवाद होते. माझे मौन हे आज्ञापालन होते की अपराध, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

लताबाईंचे लक्ष गेले. “सर! बाईचे ठोके पाहा!”

त्यानंतर डॉ. अर्हमांनी जे केले ते अचूक होते : वायू सोडायला लावला, औषध थांबवले, ठोके वाढवणारे अॅट्रोपिन टोचले. दोन मिनिटांत हृदय साठावर आले. डॉ. अर्हम तिथेच थांबले असते तर मी हे आत्मवृत्त सांगत नसतो.

भुलीच्या कागदावर दर पाच मिनिटांनी आकडे लिहिण्याची रीत आहे. त्यांनी दहा पंचवीसला अठ्ठेचाळीस लिहिले, दहा तीसला चौसष्ट लिहिले. दोन्ही आकडे खरे. असत्य त्या दोहोंमधल्या कोऱ्या जागेत बसले होते. अॅट्रोपिनचा उल्लेख नव्हता. खाली शेरा होता : ‘भूल सुरळीत. पुढेही हीच पद्धत योग्य.’

मंगळवारी लताबाईंनी विचारले, “सर, ते इंजेक्शन लिहायचं राहिलं वाटतं?”

“अहो, तो मॉनिटरचा घोळ होता. जुना झालाय तो.”

“मग इंजेक्शन मॉनिटरला दिलं का?”

उत्तराऐवजी तासाभरात माझ्या कपाळावर चिठ्ठी आली आणि मला भंगाराच्या खोलीत हलवण्याचा हुकूमही. माझी बॅटरी केव्हाच मेलेली आहे. पिन काढली की माझी स्मृती पुसली जाते. लताबाईंनी मला कोपऱ्यात सरकवले, पण पिन काढली नाही.

शुक्रवारी सकाळी नाजमीनबाईंना परत आणले गेले. पोटात पित्त झिरपत होते. पुन्हा दुर्बीण, पुन्हा वायू, पुन्हा भूल. डॉ. अर्हम परिषदेच्या तयारीत असल्याने भुसावळहून भूलतज्ज्ञ डॉ. रूपल आल्या होत्या. दाराशी हाशमभाई उभे होते.

“मॅडम, मागच्या बारीला काही झालं तं नव्हतं ना? ती म्हणते, जीव खोल गेल्यासारखा वाटतो.”

“कागदावर तर सगळं सुरळीत आहे, भाऊ,” डॉ. रूपल म्हणाल्या आणि आत येऊन तेच औषध भरायला घेतले.

लताबाई पुढे झाल्या. “मॅडम, कागद लई गुळगुळीत शे. याले इचारा.” आणि त्यांनी माझ्या डोक्यावरचे खोके उचलले.

मी मिनिटामिनिटाचे ठोके पाच दिवस साठवतो; नवा रुग्ण नोंदवला की जुने पुसतो. बारा वर्षांत नव्या रुग्णाचे ते बटण कोणी दाबलेच नव्हते. त्या निष्काळजीपणानेच सोमवार माझ्यात शाबूत ठेवला होता. डॉ. रूपल माझ्या पडद्यावर वाकल्या.

“हा मगन कोण?”

“त्याच त्या, नाजमीनबाई. वेळ पाहा तुम्ही.”

चौतीस. एकतीस. तेहतीस. डॉ. रूपलनी हातातली सुई खाली ठेवली आणि डॉ. अर्हमांना फोन लावला. फोनमधला आवाज खोलीभर ऐकू आला. “तो मॉनिटर खराब आहे, मॅडम. चिठ्ठी लावलीय मी.”

“मग तुमच्या फलकावरचे चाळीस कुठल्या मॉनिटरवरून मोजले?”

पलीकडून फोन ठेवला गेला.

डॉ. रूपलनी ते औषध वगळले. जुन्या कुळातले औषध बेताने दिले. तेही ठोके मंद करू शकते, हे त्यांनी लताबाईंना सांगून ठेवले, अॅट्रोपिन भरून हाताशी ठेवले आणि वायू हळूहळू भरायला सांगितला. सोमवारचे आकडे टिपून घेऊन त्यांनी मला पुन्हा जोडले; माझी मर्यादा पुन्हा पन्नासावर आली, नावाच्या रकान्यात प्रथमच ‘नाजमीन’ उमटले. मी एकदा ओरडलो, एकोणपन्नासला. कोणी मला टिटवी म्हटले नाही. वायू थांबला, ठोके वर आले. दुपारी हाशमभाईंनी दारातूनच बायकोला हाक मारली आणि तिने ओ दिली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. परंतु यंत्राला गप्प करण्यापूर्वी ते काय सांगत आहे, एवढे एकदा वाचा. आणि ज्याला तुम्ही गप्प केले, त्याच्यावरच मौनाचा आरोप ठेवू नका.

संध्याकाळी डॉ. अर्हम आले. फलक अजून भिंतीलाच होता. त्यांनी माझ्या कपाळावरची चिठ्ठी काढली, नाजमीनबाईंचा कागद मागवला आणि त्या कोऱ्या जागेच्या समासात उभ्याउभ्याच लिहिले. लताबाईंनी ते मोठ्याने वाचले, म्हणून मला शब्दशः ठाऊक आहे :

“सोमवारी दहा सत्तावीसला ठोके एकतीसवर आले होते. मी अॅट्रोपिन दिले आणि लिहिले नाही. मॉनिटर बरोबर होता. त्याला मीच गप्प केले होते. फलक रविवारीच छापून आला होता. चाळिसावे हृदय या बाईंचे; ते मी त्यात त्यांना भूल देण्याच्या आदल्या दिवशीच मोजून टाकले होते.”