शून्यावर फिरलेला लेथ

मित्रांनो, लाकूड कातणारा जुना लेथ मी. काशीत मला खराद म्हणतात. भोसले घाटामागच्या गल्लीत, एका दगडी खोलीत माझा मुक्काम आहे. तिथे ऊन येत नाही. भर दुपारीही दिवा लावावा लागतो.

माझे अंग ओतीव लोखंडाचे. रामनगरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून वेणीमाधवांनी मला नावेत घालून आणले. नाव इतकी खाली बसली की नावाडी काठ येईपर्यंत गंगामाईचा धावा करत होता. वेणीमाधव भिक्षुकाच्या घरातले, पण त्यांचा जीव लाकडात. माझ्यावर त्यांनी कुंकवाचे करंडे, लाटणी आणि भोवरे कातले. फिरत्या लाकडावर ते रंगीत लाखेची कांडी दाबून धरत. लाख तापून वितळे आणि लाकडावर चढे. मग केवड्याचे पान घासले की करंड्यात तोंड दिसे. गल्लीतले लोक म्हणत, "पंडितजी, आपका खराद तो गाता है!"

तेव्हा माझा वेग पट्ट्यावर असे. लहानमोठ्या चाकांवर पट्टा सरकवला की मी हळू किंवा जोरात फिरे. पट्ट्याची ओढ लागली की मला कळायचे, वेणीमाधव कामाला बसले. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ते मला तेल घालत, पट्टा उतरवून ठेवत आणि म्हणत, "आज झोप."

मग ते गेले. त्यांच्या पत्नीने, अन्नपूर्णाबाईंनी, त्यांचेच धोतर माझ्यावर पांघरले. त्याखाली मी गंजत राहिलो.

पुढे त्यांच्या सुनेने, कालिंदीने, ते धोतर काढले आणि काम सुरू केले. एकदा वेग जास्त झाला. लाकडाचा गोळा सुटून तिच्या कानाजवळून भिंतीवर आदळला. तेव्हा तिने रामधनी मिस्त्रीला बोलावले. त्याने नवी मोटर बसवली आणि भिंतीवर एक छोटी पेटी लावली. तिचा नॉब फिरवला की पट्टा न हलवता वेग कमीजास्त होई. पेटीवर लाल आकडे उमटत. आकडे मी असा म्हातारपणी शिकलो.

"भाभीजी, अब ये बुढ़ऊ आपके इशारे पर नाचेगा," रामधनी म्हणाला.

"नाचू दे, उड्या मारल्या नाहीत म्हणजे झालं," कालिंदी हसली.

अन्नपूर्णाबाई मात्र दारातच उभ्या होत्या. "आवाजच गेला गं याचा. खालून घरघर आली की वाटायचं, हे आहेत."

त्यांचे खरे होते. मलाही चमत्कारिक वाटे. आता झटका नाही, ओढ नाही. मी फिरू लागे, आणि कोण फिरवते ते मला कळत नसे.

विश्वकर्मा पूजा आली. कालिंदीने माझ्यात भरपूर तेल घातले आणि नॉब शून्यावर आणला. शून्य म्हणजे बंद, असे तिला वाटले. पट्टा चाकावरच राहिला. भिंतीवरचे विजेचे बटण चालूच राहिले, आणि त्यावर झेंडूची माळ आली. दुसरी माळ माझ्या चकात अडकवली. चक म्हणजे लाकूड पकडणारा माझा जबडा.

अन्नपूर्णाबाई कुंकू लावायला वाकल्या. तेव्हा माळ हलली. खोलीत वारा नव्हता. एकेक फूल सावकाश वर गेले आणि पलीकडे उतरले. मी फिरत होतो.

"आलात?" त्या हळूच म्हणाल्या.

माळेच्या दोऱ्यात त्यांचा पदर गेला. मी तो गुंडाळत राहिलो, अगदी शांतपणे. त्यांचे तोंड माझ्याजवळ येत गेले. मला थांबता येईना. त्यांनी पदर सोडवलाही नाही.

कालिंदी धावली. तिने नॉब मागे पिळला. तो शून्यावरच होता, त्याच्या मागे जायला जागा नव्हती. मग तिने भिंतीवरची माळ ओरबाडली आणि बटण बंद केले. मी थांबलो. पदर गळ्याशी आवळलेला होता.

"आई! गळा आवळला असता तुमचा!"

"थांबवलंस का गं त्यांना? ते मला बोलवत होते."

संध्याकाळी रामधनी आला. "अम्माजी, भूत-वूत कुछ नहीं. शून्य ज़रा ऊपर रह गया था. तेल पड़ा, तो सरक गया." म्हणजे शून्यावरही थोडी वीज येत होती, आणि तेलाने माझे अंग सैल झाले होते. त्याने पेटीत पेचकस घालून शून्य खाली बसवले.

त्याचे म्हणणे बरोबरच असेल. पण मित्रांनो, त्या घटकेला मला कोण फिरवत होते, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

दुसऱ्या दुपारी अन्नपूर्णाबाई एकट्याच खाली आल्या. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला होता. "आता अडकायचा नाही. बोलवा," त्या मला म्हणाल्या. माझे बटण बंद होते. जिन्यात कालिंदीने ते ऐकले. ती वर गेली. ताटे घेऊन खाली आली आणि त्यांच्याजवळ बसली. तेव्हापासून दोघी इथेच जेवतात. सासूबाई जुन्या गोष्टी सांगतात, सून ऐकते.

मित्रांनो, यंत्र शून्यावर ठेवून निघून जाऊ नका. बटण बंद करा, पट्टा उतरवा. आणि यंत्राशी बोलत बसलेले म्हातारे माणूस दिसले, तर त्याच्याजवळ जरा बसा. आम्हाला उत्तर देता येत नाही.

कालिंदी रोज त्यांचे ताट असे मांडते, की त्यांची पाठ माझ्याकडे आणि तोंड दाराकडे होईल. अन्नपूर्णाबाई ते उचलतात आणि माझ्याकडे तोंड करून बसतात.