सत्तावीस इंच

माझी उंची चार फूट आठ इंच. यावरचे सगळे विनोद करून झालेत, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका.

लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि एकतीस वर्षं मी ओट्याशी उभी राहून जेवते. लोकांना वाटतं, काय ही त्यागमूर्ती, वाढता वाढता स्वतःचं भान नाही. कसलं काय! खुर्चीत बसलं की माझे पाय लोंबकळतात, दहा मिनिटांत मुंग्या येतात. सांगायची लाज वाटायची, म्हणून त्यागमूर्ती तर त्यागमूर्ती.

माझी भाची आर्किटेक्ट. तिने आमच्यासाठी अक्रोडाच्या लाकडाचं जेवणाचं टेबल कागदावर काढलं, तिच्या आजोबांच्या तरुणपणी चालायचं तसं: बाहेर कललेले निमुळते पाय, गोलसर कडा, नक्षीचं नाव नाही. त्याआधी मला बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. काही विचारलं मात्र नाही.

सुतारकाकांनी टेबल आणि चार खुर्च्या आणून मांडल्या, तशी मी घाईघाईने जाऊन बसले. पाय हवेतच. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

भाचीने टेप लावली. "काका, मी सत्तावीस इंच लिहिलं होतं. हे तीस आहे. खुर्च्याही तीन इंच उंच."

"जेवणाचं टेबल तीसचंच असतं. मला वाटलं लिहिताना चुकलात, म्हणून सुधारून घेतलं. सत्तावीसच्या टेबलावर जेवणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पिशवीतून लाकडाचे तुकडे काढून पायांखाली एकावर एक ठेवत गेले. तळवे टेकले तसं त्यांनी माप घेतलं.

"तीन इंच," ते हळूच म्हणाले. "बाईंनी लिहिलं ते बरोबर होतं."

"मग खालून कापा की," आमचे हे म्हणाले.

"टेबलाचे पाय खालून कापले तर निमुळतेपण जाईल, ठोकळे दिसतील. वरून कापतो, सांधे नव्याने करतो."

आठ दिवस गेले. टेबल-खुर्च्या परत आल्या त्या दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आमचे हे सहा फुटी. गुडघे अडले, तसे मुकाट्याने पाय बाजूला काढून बसले. माझे दोन्ही तळवे जमिनीवर होते. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

"भाजी?" ह्यांनी सवयीने वाटी पुढे केली.

"ओट्यावर आहे," मी म्हटलं. "येताना मलाही आणा."

हे वाटी घेऊन उठले. मी सावकाश जेवत राहिले.